तीन नंबरचा ओढा

४ मार्च
नोंदवहीत फक्त आकडे लिहायचे, मनातलं काही लिहायचं नाही, असं काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं. मग मनातलं कुठे लिहायचं? म्हणून ही वही वेगळी. पाचवीनंतर पेन धरलं ते सही करण्यापुरतं, त्यामुळे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचणार कोण आहे म्हणा.

काम असं. डोंगरावर जंगल, जंगलात तीन ओढे. दर मंगळवारी तिन्ही ओढ्यांच्या ठरलेल्या जागी जायचं आणि एकेक बाटली भरायची. पार माथ्यावर मोकळ्या जागेत पावसाचं पाणी धरायचं भांडं आहे, त्यातली एक बाटली. खाली केंद्रावर येऊन यंत्राची कांडी पाण्यात बुडवायची, आकडा नोंदवहीत उतरवायचा आणि बाटल्या खोक्यात घालून शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठवायच्या. झालं.

फोनची रेंज फक्त माथ्यावर मिळते. तिथून ताईला सांगितलं तर म्हणाली, "पाणी भरायला ठेवलंय तुला? घरात कधी तांब्या भरून दिला नाहीस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक वर्ष टिक रे. नुसतं एक वर्ष. पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरतोस."

फरशी बसवायचं काम सोडलं, ट्रकवरचं सोडलं, बेकरीतलं तर आठ दिवसांत सोडलं. यावेळी तिला शब्द दिलाय.

११ मार्च
काका म्हणजे माझ्या आधी सव्वीस वर्षं या बाटल्या भरणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी गुडघा गेला, मधे ठेवलेली दोन पोरं टिकली नाहीत; आता केंद्राची राखण करतात, चहा करतात आणि माझ्या चुका काढतात.

"अंगठा आत घातलास."

"जरासा लागला."

"जरासा! तुझ्या अंगठ्याचा घाम, सकाळी खाल्लेल्या अंड्याचं मीठ, सगळं आता ओढ्याच्या नावावर जाणार. ओत ते. जा आणि परत भरून आण."

परत गेलो. पाऊण तास चढ, पाऊण तास उतार, एका अंगठ्यापायी.

भिंतीवर यादी लावलीय: ओढ्याजवळ साबण नको, राख नको, खरकटं नको, गुरं नकोत, लघवी नको. मी म्हटलं, "श्वास घेतलेला चालतो ना?" काका म्हणाले, "बाटलीपासून तोंड लांब ठेवून."

१८ मार्च
तीन नंबरचं पाणी बघत बसलो होतो. इतकं स्वच्छ पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. कमरेइतक्या डोहात तळाचा खडा न् खडा मोजून घ्यावा. काकांना म्हटलं, याचं पाणी बाटलीत भरून विकलं पाहिजे.

ते हसले नाहीत. म्हणाले, "स्वच्छ आहे कारण त्यात कोणी राहत नाही. शेवाळ नाही, किडा नाही, बेडूक नाही. आम्ही त्याला मुका ओढा म्हणतो."

मग त्यांनी सांगितलं. ते माझ्या वयाचे असताना या ओढ्यात मासे होते. पलीकडच्या खोऱ्यात वीज करायचा कारखाना आहे, तिथे दगडी कोळसा जाळतात. त्याचा धूर ढगांत जायचा आणि पाऊस आंबट होऊन इथे पडायचा. एका वर्षी मोठ्या पावसानंतर हे गळ घेऊन आले तर मासे काठाला लागलेले, तोंडं उघडी. "त्यांच्या कल्ल्यांवर चिकटा धरला होता. पाण्यात असून गुदमरले बिचारे. मी तोवर मासा मरतो तो पाण्याबाहेर काढल्यावरच, असं समजायचो."

आकड्याचं असं आहे की सात म्हणजे साधं पाणी. सातच्या जितकं खाली, तितकं आंबट. तीन नंबर ४.९ वर आहे. काका म्हणतात, सव्वीस वर्षांत तो हलल्यासारखा हलला नाही.

२ एप्रिल
बाई आल्या. बाई म्हणजे या केंद्राच्या मुख्य. राहतात शहरात, महिन्यातून एकदा येतात. एकतीस वर्षं याच तीन ओढ्यांवर काम करतायत आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणार. उंच, किडकिडीत, पाण्यातून चालतात ते अगदी बगळ्यासारख्या.

मी विचारलं, "बाई, पावसाच्या भांड्यातला आकडा तर चांगला येतो. मग ओढा का सुधारत नाही?"

त्या थांबल्या. बहुतेक मी विचारीन असं त्यांना वाटलं नव्हतं. म्हणाल्या, "कारखान्याला धूर धुवायचं यंत्र बसवायला लावलं, त्याला अठरा वर्षं झाली. पाऊस सुधारला. पण त्याआधी तीस-चाळीस वर्षं आंबट पाऊस या मातीतून झिरपला. मातीत जो चुन्याचा अंश असतो, तो आंबटपणा मारतो. मारता मारता तो संपला. आता चांगला पाऊस पडला तरी मातीकडे द्यायला काही नाही."

"मग परत भरणार कसा?"

"खालचा खडक झिजून. इथला खडक काळा, टणक. किती वर्षं लागतील तेच तर बघतोय."

दोन नंबरच्या ओढ्यात दर वर्षी औषध म्हणून पांढरी भुकटी टाकतात, तिथे आता मासे आहेत. तीन नंबरला मात्र कुणी हात लावायचा नाही. बाई म्हणाल्या, औषध न दिलेला एक तरी रोगी डोळ्यांसमोर असल्याशिवाय रोग किती मुरलाय ते कळत नाही.

मला ते जरा निर्दयपणाचं वाटलं.

१५ एप्रिल
काका गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले, मुलीकडे. चार महिने तरी येणार नाहीत. जाताना म्हणाले, "एकदा माथ्यावर जाऊन बसायचंय रे. तीन वर्षं झाली वर गेलो नाही. नवा गुडघा घेऊन येतो, पण त्या उतारांवरून तो नवासुद्धा टिकणार नाही."

खरंय. तीन नंबरची बाटली भरायच्या जागेपर्यंत वाट बरी आहे, बाई तिथवर येतात. तिथून पुढे माथ्यापर्यंत फक्त मी जातो, आणि तीन ठिकाणी हाच ओढा ओलांडावा लागतो, त्या जागांना काका उतार म्हणतात. काळे दगड तेल लावल्यासारखे. आज मधल्या उतारावर सपशेल आडवा झालो. पावसाची बाटली वाचवली, ढोपर फुटलं.

केंद्रावर एकटाच. भिंतींशी बोलायची वेळ आलीय.

२३ एप्रिल
खाली पुलाजवळ रस्त्याचं काम संपलं. मुकादमाशी ओळख झाली, तोही पूर्वी फरशीच्या कामावर होता. खडीचा ढीग उरलाय, छान पांढरी, मुठीएवढी, कडा धरणारी. म्हटलं, "नेऊ का थोडी?" म्हणाला, "सगळी ने बाबा, मला परत न्यायचा त्रास वाचेल."

मनात एक आलंय. काका येतील तेव्हा तोंडात बोट घालतील.

२ मे
आज पहिल्या उताराला हात घातला. पाठीवर गोणी, एका खेपेला वीस-बावीस किलो. आधी तळ खरवडून मोठे काळे दगड कडेला लावले, मध्ये पांढरी खडी ठासून भरली. पाणी वरून वाहतं, पण पाय सरकत नाही. नाचून बघितलं.

किती दिवसांनी हातांना काम मिळालं! बाटल्या भरणं हे काय काम आहे? आठवड्यात एक दिवस. बाकीचे सहा दिवस मी खिडकीतून बाहेर बघत पळून जायचे बेत करत होतो. आता रोज वर जातो.

१९ मे
दुसरा उतार झाला. पंचवीस खेपा लागल्या. मंगळवारच्या बाटल्या आधी भरतो आणि मगच वर काम करतो, म्हणजे गढूळ पाणी बाटलीत यायला नको. काका असते तर म्हणाले असते, बरं शिकवलंय मी.

८ जून
तिसराही झाला. एकूण एक्याण्णव खेपा. खांद्यांची सालं निघाली. वरून बघितलं तर हिरव्या काळोखात तीन पांढरे पट्टे. एखाद्या बंगल्यासमोर शोभतील. ताईला सांगितलं, ती म्हणाली, "फुकट राबायची हौस तुला. पगाराच्या कामात इतका जीव लावला असतास तर आज मुकादम असतास."

१ जुलै
तीन नंबर ५.२.

यंत्र बिघडलं असावं म्हणून कांडी धुऊन परत बुडवली. ५.२. एक नंबर आणि दोन नंबर नेहमीसारखेच.

२२ जुलै
५.५. बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, दुसरं यंत्र घेऊन येते, तोवर कुणाला बोलू नकोस. त्यांचा आवाज वेगळाच होता.

३० जुलै
बाईंनी दोन यंत्रांनी, तीन-तीनदा मोजलं. ५.६. माझ्याकडे वळून वकिलासारखे प्रश्न विचारले.

"वर कुठे दरड पडलीय?"

"नाही."

"जाळ लागला होता का कुठे? राख वाहून आली असेल."

"नाही बाई."

"गुरं? तंबू ठोकून कोणी राहिलं होतं?"

"माझ्याशिवाय वर कुत्रंही जात नाही."

"तू साबण बिबण...?"

"काकांनी जीव घेतला असता माझा."

त्या खुर्चीत बसल्या. मेच्या बाटल्यांचा अहवाल शहरातून आला होता, त्यात चुन्याचा अंश वाढलेला दिसत होता. कागदावरून बोट फिरवत स्वतःशीच म्हणाल्या, "माती भरून येतेय. इतक्या लवकर कशी? पण येतेय."

१३ ऑगस्ट
आज जे बघितलं ते लिहून ठेवतो. बाईंनी तीन नंबरच्या जागी पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला आणि भिंग लावलं. किती वेळ हलल्याच नाहीत. मग मला बोलावलं. दगडाला एक किडा चिकटला होता, नखाएवढाही नाही, चपटा, मागे तीन शेपट्या. आंबट पाण्यात हा जगूच शकत नाही म्हणे.

"एकतीस वर्षं मी इथले दगड उलटे करतेय," एवढंच बोलल्या आणि ओल्या खडकावर तशाच बसल्या. साडी भिजली तरी उठल्या नाहीत. रडत होत्या की काय, मी बघितलं नाही. बघायला नको वाटलं.

उतरताना मला म्हणाल्या, "तुझा पायगुण चांगला आहे." आजवर मला असं कुणी म्हटलेलं नाही.

१४ ऑगस्ट
बाईंनी जाताना एक काळजीची गोष्टही सांगितली. नऊ ऑक्टोबरला राजधानीत बैठक आहे. कारखान्यानं अर्ज केलाय की धूर धुवायचं यंत्र चालवणं फार महागात पडतं, वर्षातले सहा महिने ते बंद ठेवायची परवानगी द्या, आता पाऊस सुधारलाय, जंगलही सुधारेल. दर वेळी बाई तीन नंबरचा आकडा पुढे ठेवायच्या की बघा, अठरा वर्षांनंतरही हा ओढा मेलेलाच आहे. आता तोच आकडा वर गेलाय.

"मग नका सांगू," मी म्हटलं.

"आकडा आहे तो आहे. माझ्या सोयीचा नसला की लपवायचा, असं करून चालत नाही. ओढा आपोआप बरा होत असेल, तर ते मलाच जाऊन सांगावं लागेल."

३१ ऑगस्ट
काका आले! काठी घेऊन, पण ताठ. आज सकाळी त्यांना वर नेलं. पहिला उतार आला तसा मी बाजूला झालो, बघा म्हटलं.

ते बघतच राहिले. मला वाटलं, खूश झाले. म्हणाले, "हा दगड कुठला?"

"रस्त्याच्या कामावरचा. एक्याण्णव खेपा, काका. तुमच्या गुडघ्यासाठी."

त्यांनी वाकून एक खडी उचलली, खिशात घातली. माथ्यावर गेलो, बसलो. तीन वर्षांनी वर आले होते, तर काहीतरी बोलतील, जुनं काही सांगतील असं वाटलं होतं. एक शब्द नाही. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला होता तो केंद्र येईपर्यंत काढला नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो तर हे ओट्याशी उभे. ताटलीत ती खडी आणि तिच्यावर लिंबू पिळतायत. दगडावर बारीक फेस आला होता. "काका, चहात पिळायचं सोडून हे काय?" म्हटलं, तर दचकले आणि खडी खिडकीबाहेर फेकली. ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या भुलीनं म्हातारी माणसं थोडी भरकटतात म्हणे. त्यांच्या मुलीला विचारायला हवं.

९ सप्टेंबर
५.८. काकांना आकडा सांगायला गेलो, तर म्हणाले, "लिही आणि वही मिट." पूर्वी मंगळवारी नोंदवही स्वतः उघडून बघायचे, चष्मा पुसून. आता तिच्याकडे फिरकतसुद्धा नाहीत.

मला वाटतं, त्यांना लागलंय. सव्वीस वर्षं त्यांच्या हातून आकडा हलला नाही आणि काल आलेल्या पोराच्या हातून वर चढला. माणूस कितीही मोठा झाला तरी मत्सर सुटत नाही.

१८ सप्टेंबर
काका म्हणाले, मुलीकडे कायमचं जावं म्हणतो. का, तर बोलत नाहीत. जेवणही नीट नाही. मी म्हटलं, "माझं काही चुकलं का?" तर एकदम खेकसले, "तुझं काय चुकणार! तुला कुणी सांगितलं होतं का दगडाचं? यादीत होतं का?" आणि बाहेर निघून गेले. दगडाचा काय संबंध, कळेना.

२३ सप्टेंबर
ताईनं सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलंय की माझ्या भावाच्या हातानं मेलेला ओढा जिवंत झाला. "आईच्या फोटोपुढे उभं राहून सांगितलं मी," म्हणाली. 

३० सप्टेंबर
दोन नंबरच्या ओढ्यासाठी भुकटीची पोती आली. ट्रकमधून उतरवताना एक पोतं फाटलं. पांढरी भुकटी, आणि दळताना राहिलेले चार-दोन खडे. मी एक उचलून बघितला. ट्रकवाला म्हणाला, "बघतोस काय, तुमच्या पुलावरचीच जात आहे. एकाच खाणीतली. मोठे तुकडे रस्त्याला जातात, भुगा तुमच्या ओढ्याला."

स्वयंपाकघरात गेलो. लिंबू घेतलं.

१ ऑक्टोबर
दिवसभर काही लिहिता आलं नाही. आता लिहितो.

काकांसमोर जाऊन उभा राहिलो. "तुम्हाला माहीत होतं."

"त्या दिवशी लिंबू पिळलं तेव्हा खात्री झाली. चुन्याचा दगड आहे तो, आंबट लागलं की फेसतो."

"मग बोलला का नाहीत?"

ते बटाटे सोलत होते. सोलतच राहिले. "काय बोलू? माझ्या गुडघ्यासाठी पोरानं एक्याण्णव खेपा घातल्या, बाई इकडे एकतीस वर्षांनी हसल्या. कुणाचं मोडू? रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज निघून जायचं." मग सुरी खाली ठेवली. "सव्वीस वर्षांत एक बाटली मी खोटी भरली नाही. पावसात, तापात, बायको गेली त्या आठवड्यातसुद्धा. आणि आता खोटी वही उशाशी घेऊन झोपतोय."

"बैठकीत काय होईल?"

"बाई सांगतील, ओढा आपला आपण बरा होतोय. मग कारखानेवाले धूर धुवायचं यंत्र बंद करतील. मग जे मी बघितलं ते तू बघशील, माझ्या वयाचा होईपर्यंत."

मत्सर म्हणालो होतो मी त्यांना. वर लिहिलंय ते खोडणार नाही, असू दे.

३ ऑक्टोबर
पिशवी भरली. सकाळच्या बसनं खाली गेलो, स्टँडवर बसलो. दोन बस सोडल्या. मी यापूर्वी तीन कामं सोडली तेव्हा मागे वळून बघावं असं काही नव्हतं. फरशी वाकडी बसली तर दुसरा कोणीतरी उखडून नीट करतो. हे कोण उखडणार? काका? काठीवर?

आणि बाईंना सांगितलं तर काय होईल तेही माहीत आहे. मी जाणार, ते सोडा. पण तो तीन शेपट्यांचा किडा बघून त्या जशा बसल्या होत्या ते आठवलं की हात परत पिशवीकडे जातो.

तिसरी बस आली तेव्हा तिच्यात बसलो खरा, पण ती वर जाणारी होती.

७ ऑक्टोबर
बाई काल आल्या, नोंदवहीच्या नकला घ्यायला. आज सकाळी निघणार होत्या. त्या चपला घालत असताना सांगितलं. एका दमात. दगड, उतार, लिंबू, ट्रकवाला. काकांचं नाव घेणार नव्हतो, पण ते स्वतःच येऊन शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "मला महिनाभर आधी कळलं होतं. मी बोललो नाही."

बाईंनी एक चप्पल घातलेली, एक हातात. तशाच उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाल्या, "पहिला दगड कोणत्या तारखेला?"

"दोन मे."

"नक्की कशावरून?"

"लिहून ठेवलंय."

"आण."

ही वही त्यांना दिली. दुसरं करण्यासारखं काय होतं? टेबलाशी बसून पहिल्या पानापासून वाचली, माझं अक्षर लागत नव्हतं तिथे मला विचारून. मी समोर उभा, कान तापलेले. एका जागी थांबून म्हणाल्या, "बगळा?"

"चुकलं, बाई."

"असू दे." पान उलटलं. खेपा, तारखा, कोणता उतार कधी झाला, सगळं वेगळ्या कागदावर उतरवून घेतलं. बाटल्या काम सुरू करण्याआधी भरायचो ते वाचलं तिथे खाली रेघ मारली. ऑगस्टचं पान वाचताना मात्र खिडकीकडे बघत बसल्या.

शेवटी नोंदवही ओढून माझ्यापुढे ठेवली. "दोन मेपासून आजपर्यंत, तीन नंबर. शेऱ्याच्या रकान्यात तूच लिही. तुझ्या शब्दांत."

लिहिलं: या तारखेपासून ओढ्यात वरच्या बाजूला मी पांढरे दगड घातले, हे आकडे ओढ्याचे नाहीत. सही केली. काकांनी खाली आपली केली.

"बैठकीत काय सांगणार?" काकांनी विचारलं.

"हेच," बाई म्हणाल्या. "माझ्या केंद्रावर चूक झाली, हा ओढा अजून बरा झालेला नाही. ते हसतील. हसू देत." दाराशी जाऊन वळल्या. "दगडांना हात लावू नका. मी आल्यावर एकत्र काढू."

१२ ऑक्टोबर
बाई आल्या. बैठकीत एका साहेबानं विचारलं म्हणे, तुमची आकडेवारी गवंडी लिहितात का? बाईंनी माझ्या तारखांचा कागद पुढे केला आणि सांगितलं, तो लिहितो म्हणूनच चूक सापडली. यंत्र बंद करायची परवानगी या वर्षी तरी दिलेली नाही. पुढच्या वर्षी परत अर्ज येणार. तेव्हा बाई नसतील.

मला वरच्या कार्यालयातून पत्र आलं. मार्चपर्यंत राहायचं, पुढे नाही.

१४ ऑक्टोबर
दगड काढायला सुरुवात केली. मी, बाई, आणि काका काठावर गोण्यांची तोंडं धरायला. एकेक खडी पाण्याखालून उचलायची, एकही राहता कामा नये. हात बधिर होतात.

पहिलीच खडी उलटी केली आणि थांबलो. तीन शेपट्यांचे किडे. एक नाही, पाच. पुढच्या खडीवर सात. पांढऱ्या दगडावर स्पष्ट दिसत होते, पोटाला श्वासाची पिसं हलत होती.

"बाई," म्हटलं.

त्या आल्या, बघितलं.

"हे दोन नंबरच्या ओढ्यात नेऊन सोडू या."

"थोडे नेता येतील. बहुतेक वाटेत मरतील."

"मग राहू द्या ना दगड. पाप लागेल असं कशाला करायचं? ओढा बरा झालाय, कसाही का होईना. एवढा एक जगू द्या."

बाई ओढ्यातच उभ्या होत्या. पाणी त्यांच्या पिंढऱ्यांना लागून वाहत होतं. "डोंगरापलीकडे असे चारेकशे ओढे आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना कुणी एक्याण्णव खेपा घालणार नाही. त्या सगळ्यांच्या वतीनं बोलायला हा एकच ठेवलाय आपण. हा खोटं बोलला तर ते सगळे मेले." मग माझ्या हातातली खडी घेतली आणि स्वतः गोणीत टाकली. "उचल."

उचलली. दिवसभर उचलल्या. काका गोणीच्या तोंडाशी बसून किडे दिसतील तेवढे बोटानं सोडवून बादलीतल्या पाण्यात टाकत होते. बोटं जाड त्यांची, निम्मे तर तिथेच चिरडले गेले. तरी टाकत राहिले.

२१ ऑक्टोबर
एक्याण्णव खेपा वर नेल्या होत्या, खाली आणायला एकशे दोन लागल्या. गाळ लागून दगड जड झालेत. बादली दोन नंबरमध्ये रिकामी केली. किती जगले माहीत नाही. मोजले नाहीत.

२८ ऑक्टोबर
५.५.

११ नोव्हेंबर
५.१. काकांनी नोंदवही स्वतः उघडली, चष्मा पुसला, माझा आकडा वाचला. मुलीला येतो म्हणून लिहिलेलं पत्र फाडून चुलीत घातलेलं दिसलं.

ताईला सगळं सांगितलं.   मग म्हणाली, "आता मी शेजारणीला काय सांगू?"

"खरं सांग."

"तुझ्यासारखं येत नाही रे मला," म्हणाली. चिडली होती की काय, कळलं नाही.

२५ नोव्हेंबर
आज पहाटेपासून पाऊस. बाटल्या भरून माथ्यावर गेलो. परत तेच काळे, तेल लावल्यासारखे दगड. मधल्या उतारावर गुडघ्यावर रांगत गेलो.

खाली येऊन मोजलं. ४.९. परत मोजलं. ४.९.

बाईंना कळवायला त्याच पावसात परत वर चढलो. त्या फोनची वाटच बघत असाव्यात, पहिल्याच घंटीला उचलला.

"किती?"

"चार पूर्णांक नऊ."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. आणि मीही म्हणालो, "हो, बरं झालं." दोघांनाही हायसं वाटलं होतं. मग आपण कोणत्या गोष्टीला बरं म्हणालो ते बहुतेक दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, कारण त्यांनीही लगेच फोन ठेवला आणि मीही.